टाके सुटल्यानंतर

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेला घरोघरी 'पिशवी काढणे' असे म्हणतात. शब्द साधा आहे आणि त्यामुळे गोष्टही साधी वाटते. रुग्णालयात तीन-चार दिवस, घरी काही आठवडे विश्रांती, नातेवाइकांच्या भेटी, शहाळी आणि फळे. मग एक दिवस टाके सुटतात आणि घर पुन्हा आपल्या गतीने चालू लागते. दुकान उघडते, डबे भरले जातात, पाहुणे येऊ लागतात. घरच्यांच्या दृष्टीने आजार संपलेला असतो. जिची शस्त्रक्रिया झाली तिचा खरा कसोटीचा काळ मात्र अनेकदा इथून पुढे सुरू होतो.

रात्री दोन वाजता ती घामाने चिंब होऊन उठते आणि पंखा वाढवते. पहाटे डोळा लागतो न लागतो तोच उठण्याची वेळ होते. दुपारी चारचौघींत बसली असताना छातीपासून चेहऱ्यापर्यंत एकाएकी आग चढते आणि काही मिनिटांत उतरते. बोलता बोलता ओळखीचे नाव आठवत नाही. क्षुल्लक कारणाने डोळे भरून येतात किंवा आवाज चढतो. सकाळी बोटांचे आणि गुडघ्यांचे सांधे आखडलेले असतात. घरातील कोणीतरी म्हणते, 'ऑपरेशन होऊन चार महिने झाले, आता काय झाले हिला?' तिच्याही मनात तोच प्रश्न असतो. त्याचे उत्तर तिला कोणी दिलेले नसते, म्हणून ती हळूहळू स्वतःलाच दोष देऊ लागते.

या प्रश्नाचे उत्तर स्वभावात नाही, शरीरात आहे. ते घरातील प्रत्येकाला माहीत असणे आवश्यक आहे.

गर्भाशय आणि अंडाशये: दोन स्वतंत्र निर्णय

गर्भाशय हे गर्भाचे घर होय. त्याच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशये असतात. डॉक्टरांच्या बोलण्यात त्यांनाच ओव्हरी म्हणतात. मासिक पाळीचा रक्तस्राव गर्भाशयातून होतो. परंतु इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही स्त्रीसंप्रेरके मुख्यतः अंडाशयांत तयार होतात. पुरुषसंप्रेरक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेस्टोस्टेरॉनचा स्त्रीशरीरातील बराच भागही तेथूनच येतो. हाडे, हृदय, रक्तवाहिन्या, मेंदू, त्वचा, मूत्रमार्ग अशा अनेक ठिकाणी इस्ट्रोजेनचे काम चालू असते.

केवळ गर्भाशय काढले आणि अंडाशये ठेवली, तर पाळी थांबते. पण संप्रेरके तयार होत राहतात. अशा स्त्रियांना रजोनिवृत्ती नैसर्गिकरीत्याच येते, मात्र इतरांपेक्षा काही वर्षे लवकर येण्याचा संभव असतो. पाळी आधीच बंद झालेली असल्याने तिची चाहूल पटकन ओळखू येत नाही.

दोन्ही अंडाशयेही काढली, तर चित्र संपूर्ण बदलते. नैसर्गिक रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेन काही वर्षांच्या चढउतारांनंतर कमी होते आणि शरीराला जुळवून घेण्यास अवधी मिळतो. शस्त्रक्रियेत तेच काही दिवसांत घडते. यालाच शस्त्रक्रियाजन्य रजोनिवृत्ती म्हणतात. त्रासाची तीव्रता अधिक असते ती या आकस्मिकतेमुळे. भारतीय स्त्रियांना नैसर्गिक रजोनिवृत्ती साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास येते. अडतिसाव्या वर्षी अंडाशये गमावणारी स्त्री म्हणूनच आठ-दहा वर्षांच्या संरक्षणास एकदम मुकते.

हा फरक स्पष्ट करणारे एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकन अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी मार्च २०१५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्रात लेख लिहून आपली अंडाशये आणि बीजवाहिन्या काढल्याचे जाहीर केले. त्यांच्यात कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए-१ हा आनुवंशिक दोष होता आणि त्यांच्या आईचे निधन अंडाशयाच्या कर्करोगाने झाले होते. त्यांचे गर्भाशय काढलेले नव्हते. तरीही वयाच्या ३९ व्या वर्षी त्यांना रजोनिवृत्ती आली, कारण ती अंडाशयांशी जोडलेली असते. गर्भाशय जाते म्हणून रजोनिवृत्ती येते, हा समज त्यामुळे दूर व्हावा.

शस्त्रक्रियेपूर्वी विचारायचे प्रश्न

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ३.३ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आहे. यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झाल्या आणि सर्वाधिक सांगितलेले कारण अतिरक्तस्राव हे होते. महाराष्ट्रात २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. तेथील सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. अनावश्यक शस्त्रक्रियांचा विषय पुढे डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेद्वारे सर्वोच्च न्यायालयात गेला. केंद्र सरकारने २०२२ मध्ये केलेल्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकाराव्यात, असा आदेश न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला.

ऊसतोड कामगार स्त्रीला मजुरीचा दिवस बुडण्याची भीती असते. सुस्थितीतील व्यापारी कुटुंबात ती नसते. तरीही 'दोन मुले झाली, आता पिशवीचे काय काम?' हे वाक्य तेथेही ऐकू येते. पूजा, सामायिक आणि तीर्थयात्रा यांतील दर महिन्याची अडचण कायमची संपेल, असेही कोणी सुचवते. 'एकदाच काय ते उरकून टाकू' ही वृत्ती मालाच्या निकालीला शोभते. शरीराच्या अवयवाला नाही.

शस्त्रक्रिया आवश्यक असते तेव्हा ती जीवनदायी असते, हेही तितकेच खरे. कर्करोग, मोठ्या गाठी, खाली सरकलेले गर्भाशय, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव या अवस्थांत ती टाळणे हिताचे नाही. वर्षानुवर्षे रक्तक्षयाने थकलेल्या अनेक स्त्रियांना या शस्त्रक्रियेनंतर मोकळा श्वास मिळतो. म्हणून हट्टाने नकार देऊ नये आणि घाईने होकारही देऊ नये. पुढील प्रश्नांची उत्तरे शांतपणे घ्यावीत.

औषधे, गर्भाशयात बसवले जाणारे संप्रेरकयुक्त साधन किंवा केवळ गाठी काढण्याची शस्त्रक्रिया यांनी काम होईल का? दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घेतले आहे का? अंडाशये ठेवणार की काढणार, आणि काढणार असतील तर कोणत्या कारणाने?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण तोच बहुधा विचारायचा राहतो. 'काढतोच आहोत तर पुढचा कर्करोगाचा धोकाही जाईल' असा युक्तिवाद केला जातो. अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका त्यामुळे घटतो, हे सत्य आहे. परंतु अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन आरोग्य अभ्यासात गर्भाशय काढलेल्या २९,३८० स्त्रियांची तुलना झाली आणि तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. अंडाशयेही काढलेल्या स्त्रियांत हृदयविकाराचे आणि एकूण मृत्यूचे प्रमाण अंडाशये राखलेल्या स्त्रियांपेक्षा अधिक आढळले. आनुवंशिक दोष, कर्करोगाची शंका किंवा गंभीर आजार नसेल, तर पन्नाशीच्या आतील स्त्रीची निरोगी अंडाशये सहसा राखावीत, असा तज्ज्ञांचा कल आता आहे.

शस्त्रक्रिया झाल्यावर डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या भागाच्या तपासणीचा अहवाल एका फायलीत जपून ठेवावा. 'एक ओव्हरी ठेवली की दोन्ही काढल्या?' या प्रश्नाचे उत्तर दहा वर्षांनंतर अनेक स्त्रियांना देता येत नाही. आणि पुढचे सर्व उपचार त्या एका उत्तरावर अवलंबून असतात. आरोग्य विम्यात घरी आल्यानंतरच्या ठरावीक दिवसांचा औषध-तपासणीचा खर्चही बहुधा मिळतो. तो किती दिवसांचा, हे पॉलिसीत पाहून बिले सांभाळावीत.

पहिले सहा ते आठ आठवडे

शस्त्रक्रिया पोट उघडून झाली, दुर्बिणीतून झाली की योनिमार्गे, यावर बरे होण्याचा काळ अवलंबून असतो. पोटावरील छेदानंतर सहा ते आठ आठवडे लागतात. इतर दोन प्रकारांत सहसा कमी. बाहेरची जखम लहान असली तरी आतील टाके भरून येण्यास वेळ लागतो. 'दुर्बिणीचे ऑपरेशन आहे, आठवड्यात उभी राहील' हे गृहीत धरू नये.

चालणे दुसऱ्या दिवसापासून सुरू करावे. त्यामुळे पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. पाण्याने भरलेली बादली, गव्हाचा डबा, गॅसचे सिलिंडर, ओल्या कपड्यांची टोपली आणि कडेवर घ्यायचे नातवंड यांपासून सहा आठवडे दूर राहावे. खाली उकिडवे बसून करण्याची कामे आणि वारंवार जिने चढणे-उतरणे सुरुवातीला टाळावे. मलावरोध होऊ देऊ नये, कारण कुंथण्याचा ताण थेट आतील टाक्यांवर येतो. खोकताना पोटावर उशी धरावी. दांपत्यसंबंध डॉक्टरांनी तपासून अनुमती देईपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, थांबवावेत.

काही लक्षणांना मात्र 'उद्या बघू' म्हणू नये. १००.४ अंश फॅरनहाइटहून अधिक ताप, वाढता रक्तस्राव किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, जखमेतून पू, लघवी न होणे, एका पोटरीत वेदना आणि सूज, छातीत दुखणे किंवा एकाएकी धाप लागणे यांपैकी काहीही झाल्यास रात्र असो वा सणाचा दिवस, त्वरित रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांच्या परवानगीने पुढे ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम सुरू करावेत. लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात, तेच काही सेकंद आवळून सैल सोडायचे. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अरनॉल्ड केगल यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेला हा व्यायाम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. खोकताना वा हसताना लघवीचा थेंब सुटण्याची तक्रार त्याने पुष्कळ कमी होते. तो खुर्चीत किंवा गादीवर बसल्या बसल्या कोणाच्याही लक्षात न येता करता येतो.

संप्रेरक उपचार: भीती आणि वस्तुस्थिती

अंडाशये काढल्यानंतर शरीराला जे मिळेनासे होते, ते औषधरूपाने देता येते. 'हार्मोनच्या गोळ्यांनी कर्करोग होतो' या एका वाक्याने अनेक घरांत हा मार्ग बंद होतो. या भीतीचा उगम बहुतांशी अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासात आहे. त्यातील इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन्ही औषधे एकत्र देण्याचा भाग २००२ मध्ये थांबवण्यात आला, कारण स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसले. ती बातमी जगभर पोहोचली.

त्याच अभ्यासाचा दुसरा भाग मात्र घरोघरी पोहोचला नाही. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांत केवळ इस्ट्रोजेन आणि औषध नसलेली गोळी यांची तुलना करण्यात आली. हा भाग २००४ मध्ये थांबला. त्यात पक्षाघाताचा धोका काहीसा वाढलेला आढळला. स्तनाच्या कर्करोगाचा वाढलेला आढळला नाही. शिवाय या अभ्यासातील स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्टच्या पुढे होते. चाळिशीत अंडाशये गमावलेल्या स्त्रीला त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.

आजची वैद्यकीय भूमिका अशी आहे: नैसर्गिक वयाच्या बऱ्याच आधी अंडाशये काढावी लागली आणि विशेष अडचण नसेल, तर निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देणे हिताचे असते. त्याने अंगातून निघणाऱ्या वाफा कमी होतात आणि हाडांचेही रक्षण होते. गर्भाशय नसल्यामुळे प्रोजेस्टेरॉन जोडण्याची सहसा गरज नसते. एंडोमेट्रिओसिससारख्या आजारात डॉक्टर वेगळा विचार करतात. त्वचेवर लावण्याचे जेल किंवा चिकटपट्टी यांत रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी असतो.

स्तनाचा कर्करोग झालेल्या, रक्तात गुठळ्या झालेल्या किंवा यकृताचा गंभीर आजार असलेल्या स्त्रियांना हा उपचार सहसा देत नाहीत. त्यांच्यासाठी संप्रेरक नसलेली औषधे आहेत. नैराश्यावरील काही औषधे अल्प मात्रेत दिल्यास वाफा कमी करतात. तशी चिठ्ठी मिळाली म्हणजे 'डॉक्टरांनी वेडाचे औषध दिले' असा अर्थ कोणी काढू नये.

औषधाची बाटली आणि अहिंसेचा प्रश्न

जैन घरांत आणखी एक प्रश्न उभा राहतो आणि संकोचामुळे तो डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही: हे औषध कशापासून बनले? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरेही आहेत.

इस्ट्रोजेनचा एक जुना प्रकार गाभण घोडीच्या मूत्रापासून तयार होतो. 'कॉन्ज्युगेटेड इक्वाइन इस्ट्रोजेन' या नावातील 'इक्वाइन' शब्दाचा अर्थच अश्वासंबंधी असा आहे. वर सांगितलेल्या अभ्यासात तोच वापरला होता. आज सर्रास मिळणारे 'इस्ट्राडिओल' मात्र सोयाबीनसारख्या वनस्पतींतील घटकांवर प्रक्रिया करून बनवतात. काही उत्पादक त्यासाठी कंदवर्गीय वनस्पतीही वापरतात. जेल त्वचेवर लावायचे असल्याने चौविहार करणाऱ्या स्त्रीला सूर्यास्तानंतरची अडचणही येत नाही.

कॅल्शियमच्या अनेक गोळ्या शिंपल्यांपासून बनतात. वेष्टनावर 'ऑयस्टर शेल' असा उल्लेख असतो. खनिजापासून बनलेले कॅल्शियम कार्बोनेट आणि कॅल्शियम सायट्रेट हे पर्याय मिळतात. ड-३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून काढतात. दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतीपासून बनवलेलेही ते आता उपलब्ध आहे. मऊ कॅप्सूलचे आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेले असते. त्याऐवजी गोळी किंवा वनस्पतिज आवरण मागता येते. औषधांवर अन्नपदार्थांप्रमाणे शाकाहारी-मांसाहारी चिन्ह बंधनकारक नाही, म्हणून विचारावेच लागते.

रक्ताची गुठळी टाळण्यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी दिले जाणारे हेपरिन डुकराच्या आतड्यापासून मिळते. याविषयीची चर्चा शस्त्रक्रियेआधी, भूलतज्ज्ञ आणि शल्यविशारद यांच्याशी करावी. पर्याय शक्य असल्यास ते सांगतील. प्राणावर बेतले असताना ऐन वेळी घरच्यांनी नकार देणे कोणत्याही दृष्टीने योग्य नव्हे.

आहार, तप आणि हाडे

इस्ट्रोजेन गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांची घनता वेगाने घटते. हाडे ही तारुण्यात जमा केलेली ठेव आहे. जमा थांबते तेव्हा उचल तरी बेतानेच व्हावी लागते. रजोनिवृत्तीनंतर दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे, अशी शिफारस आहे. एका पेला दुधातून सुमारे ३०० आणि १०० ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळते. तीळ, राजगिरा, दही, ताक, पनीर यांची भर घालता येते. फाल्गुन चौमासीनंतर तीळ आणि पालेभाजी बंद करणाऱ्या घरांनी त्या महिन्यांत नाचणी आणि दूध-दही यांचे प्रमाण वाढवावे. प्रथिनांसाठी मूग, मटकी, हरभरा, सोयाबीन रोजच्या ताटात हवेत. केवळ खाखरा आणि चहा यांवर जखम भरून येत नाही.

लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये. त्यांत काही तासांचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळीसोबत लिंबूपाणी चालते, चहा टाळावा. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत चांगले शोषले जाते, म्हणून ते दुपारच्या किंवा सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाबरोबर घ्यावे.

पाण्याकडेही लक्ष हवे. रात्री घाम जाणाऱ्या स्त्रीने सूर्यास्तापासून नवकारशीपर्यंत पाणी वर्ज्य केले, तर मलावरोध आणि मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो. पहिल्या काही महिन्यांत चौविहाराऐवजी तिविहार करता येईल का, हे साधू-साध्वीजींना विचारावे. उपवास, आयंबिलाची ओळी किंवा वर्षीतप यांविषयीही डॉक्टर आणि गुरुजन या दोघांचा सल्ला घ्यावा. पच्चक्खाणाच्या सूत्रातच आगार, म्हणजे सवलती, ठेवलेल्या आहेत आणि आजारपणात समाधी टिकावी यासाठीचा आगार त्यांपैकीच एक आहे. शरीर सावरेपर्यंत थांबणे हे धर्मापासून दूर जाणे नव्हे. पर्युषणात 'या वर्षी अठ्ठाई नाही का?' असे तिला चारचौघींत विचारू नये, एवढी दक्षता इतरांनी घ्यावी.

रोज अर्धा तास भरभर चालणे, डॉक्टरांच्या अनुमतीनंतर जिने चढणे आणि हलकी वजने उचलणे यांनी हाडांना बळ मिळते. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी कधी करावी, हे विचारून घ्यावे. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांची तपासणी दरवर्षी व्हावी, कारण हृदयाला मिळणारे संरक्षणही आता कमी झालेले असते.

मनाचा भाग

शरीराच्या तक्रारी निदान सांगता येतात. मनाच्या तक्रारीला नाव सापडत नाही. मुले मोठी झालेली असतात, आणखी अपत्य नकोच असते. तरीही काहीतरी गमावल्याची हळहळ वाटते. ज्यांना अपत्य झालेच नाही, त्यांच्या दृष्टीने ही शस्त्रक्रिया उरलीसुरली आशा मिटवणारी असते. काहींना आपण आता पूर्ण स्त्री राहिलो नाही, असे वाटू लागते. काहींना मात्र केवळ सुटकेचा आनंद होतो आणि 'मला दुःख कसे होत नाही?' याचीच टोचणी लागते. या सर्व भावना स्वाभाविक आहेत. त्यांपैकी कोणतीही लपवावी अशी नाही.

याशिवाय संप्रेरकांचा मेंदूवर प्रत्यक्ष परिणाम होतो. इस्ट्रोजेन एकाएकी नाहीसे झाल्याने चिडचिड, अस्वस्थता, विसराळूपणा आणि उदासी येऊ शकते. त्यात आठवड्यांमागून आठवडे तुटक झोप असेल, तर कोणाचाही तोल जाईल. 'हिस्टेरिया' हा शब्द गर्भाशय या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. स्त्रीच्या प्रत्येक मानसिक दुखण्याचे खापर शेकडो वर्षे तिच्या गर्भाशयावर फोडले गेले. आता उलट टोक दिसते: शारीरिक कारण समोर असतानाही ते स्वभावाच्या खाती टाकले जाते.

रोज थोडी नोंद ठेवण्याचा उपयोग होतो: वाफा किती वेळा आल्या, झोप किती झाली, मन कसे होते. तीन-चार आठवड्यांची अशी वही डॉक्टरांसमोर ठेवली, तर दहा मिनिटांच्या भेटीत नेमके बोलता येते. मोकळे सुती कपडे, हवेशीर खोली, तिखट आणि गरम चहा-कॉफी कमी करणे, संथ श्वसन यांनीही आराम पडतो. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे ज्यांना जमतात, त्यांना ती स्थिरता आधार देते; ज्यांना त्या काळात बसवत नाही, त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये.

दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदासी असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि चोवीस तास उपलब्ध आहे. मराठीतही बोलता येते. फोन कोणाला कळण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

पतीने आणि घराने करावयाचे

या काळात पतीची भूमिका निर्णायक ठरते. व्यापारी घरात पती सकाळी नऊला दुकानात जातो आणि रात्री नऊला परततो. पुढच्या तपासणीला मात्र त्याने स्वतः सोबत जावे. बहिणीला किंवा मुलीला पाठवून मोकळे होऊ नये. डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकलेले वाक्य घरातील दहा वाद टाळते.

इस्ट्रोजेनच्या अभावी योनिमार्ग कोरडा होतो आणि जवळीक वेदनादायक ठरते. पत्नी संकोचाने सांगत नाही. पती तिच्या दूर राहण्याचा अर्थ नाराजी असा लावतो. यावर स्थानिक क्रीम आणि वंगण जेल असे सोपे उपचार आहेत. डॉक्टरांपाशी हा विषय दोघांनी मिळून काढावा. तोपर्यंत जवळ बसणे, हात हाती घेणे, विचारपूस करणे यांस कोणत्याही परवानगीची गरज नसते.

सासूबाईंच्या पिढीने हा काळ मुकाट्याने काढला. 'आमच्या वेळी असे काही नव्हते' या वाक्यात बरेचदा त्यांचेही न बोललेले दुखणे दडलेले असते. एखाद्या दुपारी सासू-सुनेने या विषयावर मोकळेपणाने बोलावे. दोघींनाही हलके वाटेल. मुला-मुलींनाही स्पष्ट शब्दांत सांगावे: 'मम्मीच्या शरीरात मोठा बदल झाला आहे, सावरायला वर्ष लागू शकते.' मुले समजून घेतात. त्यांना काही सांगितलेच जात नाही, ही अडचण असते.

कामाची वाटणी बोलून ठरवावी. जड कामे कोणी करायची, पाहुण्यांचे जेवण किती महिने बाहेरून मागवायचे, दुकानाच्या किंवा घरच्या हिशेबाचे काम तिला कधीपासून हवे आहे, हे तिला विचारून ठरवावे. काहींना कामावर लवकर परतल्याने बरे वाटते, काहींना विश्रांती हवी असते. तिच्या वतीने इतरांनी ठरवू नये.

या अवस्थेतून बहुसंख्य स्त्रिया बाहेर पडतात. योग्य उपचार मिळाले तर वाफा ओसरतात, झोप परत येते, शक्ती भरून येते. दर महिन्याच्या रक्तस्रावातून आणि वेदनेतून सुटलेल्या कित्येक जणी पुढे पूर्वीपेक्षा अधिक उत्साहाने प्रवास, व्यवसाय आणि सेवाकार्य करताना दिसतात. त्यासाठी घराला दोन गोष्टी सांभाळायच्या आहेत: शस्त्रक्रियेपूर्वी अंडाशयांविषयीचा प्रश्न विचारायचा, आणि टाके सुटल्यानंतरही किमान एक वर्ष तिची प्रकृती हा घराच्या काळजीचा विषय राहू द्यायचा.